पोर्शे ९११ जीटीएस : तक्रार वजनाची नाही

हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेची जोड असलेली) झाल्यामुळे पोर्शेची ९११ करेरा जीटीएस ही स्पोर्ट्स कार जड आणि बोथट झाली, हे मत मला अर्धेच पटते. २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीचे वजन आधीच्या जीटीएसपेक्षा सुमारे ५० किलोंनी वाढले हे खरे. मात्र तिची जेमतेम १.९ किलोवॅट-तासांची बॅटरी केवळ विजेवर गाडी पळवण्यासाठी दिलेलीच नाही. ३.६ लिटरच्या इंजिनावर आता दोनऐवजी एकच टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या, जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) आहे, आणि या टर्बोच्या दोन चक्रांमध्ये बसवलेली विद्युत मोटर एक्झॉस्टचा जोर येण्याची वाट न पाहता त्याला फिरवते, त्यामुळे पाय दाबल्यापासून ताकद मिळेपर्यंतचा जुना रेंगाळलेपणा जवळपास नाहीसा होतो. नुर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर ही गाडी आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंदांनी वेगवान ठरली, तेव्हा बोथटपणाचा आरोप काही टिकत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. मधोमध असणारा, इंजिनाचे फेरे दाखवणारा काट्याचा आरपीएम मीटर गेला, गाडी सुरू करण्यासाठी डावीकडे असलेली किल्लीसारखी पिळायची मूठ जाऊन तिथे साधे बटण आले, आणि जीटीएसमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स तर मिळतच नाही. (१९९७ साली हवेऐवजी पाण्याने थंड होणारे इंजिन आले तेव्हाही चाहत्यांनी असाच गहजब केला होता, पण त्या बदलाने निदान हातातले काही काढून घेतले नव्हते.)