मुलगा पुण्यात जन्मला, मग तो पाकिस्तानी कसा?

शिलाईवाली_पिंपरी
पिंपरी कॅम्पात शगुन चौकाजवळ माझं ब्लाउज-फॉलपिकोचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यातले भाऊ 2012 मध्ये बायकोला घेऊन पाकिस्तानातल्या सक्करहून आले. सिंधी हिंदू. दीर्घ मुदतीचा व्हिसा, दर वेळी मुदतवाढीसाठी खेटे. मुलगा इथलाच, जन्मदाखला महापालिकेचा, मराठी माझ्या पोरांपेक्षा चांगलं. तरी म्हणे तो भारतीय नाही! नवराबायकोचे पासपोर्ट कधीच संपलेत, त्यात भारतात आल्याच्या शिक्क्याचं पान पावसात भिजलेलं. नागरिकत्व करून द्यायला एक एजंट चाळीस हजार मागतोय. द्यावेत का?

टपालवाले_आजोबा
एक छदाम देऊ नका. 3 डिसेंबर 2004 पासून नुसतं इथे जन्मून भागत नाही. आईबाप दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणून आधी या दोघांचं करा, मग पोराची अज्ञान (वयाने लहान) मूल म्हणून नोंदणी होते.
31 डिसेंबर 2014 च्या आत आलेत, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बसतात. नियम 11 मार्च 2024 ला निघाले. एरवी लागणाऱ्या 11 वर्षांच्या वास्तव्याऐवजी 5 वर्षं पुरतात. अर्ज ऑनलाइन. अस्सल कागद तपासून शपथ देणारा अधिकारी आमच्या टपाल खात्यातला, डाक अधीक्षक! (लोकांना वाटतं आम्ही फक्त मनीऑर्डरी वाटल्या.) मुदत संपलेला पासपोर्ट चालतो. भिजलेल्या पानाचं टेन्शन नको, पोलिसांकडच्या परदेशी नागरिक नोंदणीचा कागद जोडा.

कॅम्पवाला
भाऊंचे आईवडील 1947 च्या आधी जन्मलेत का, तेही विचारा. आई किंवा वडील अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असले तर भारतीय वंशाचे म्हणून 7 वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणीचा वेगळा रस्ता आहे. डिसेंबर 2016 मध्ये पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही हे अधिकार दिले होते, आमच्या गल्लीत काहींचं तिथूनच झालं.
आमच्या आजोबांचं सोपं होतं. 19 जुलै 1948 च्या आत आलेला घटनेनेच नागरिक. त्यांचा धाकटा भाऊ नंतर आला, त्याला परमिट आणि नोंदणी दोन्ही लागलं. घर एकच, तारखा दोन.

शिलाईवाली_पिंपरी
भाऊंचे वडील 1943 चे, सक्करचेच! दाखला शोधायला सांगते. पण वहिनींना सिंधीशिवाय काही येत नाही, फॉर्मात भाषा विचारलीये.

टपालवाले_आजोबा
राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली (भाषांच्या यादीतली) कुठलीही एक भाषा चालते, सिंधी त्यात 1967 पासून आहे. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आधी बघा. फायली तिथेच अडकतात.