‘सड्यावर कुसळही उगवत नाही’: याला उत्तर द्यायचं की सोडून द्यायचं?

कातळवाट:
एका मोठ्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत कोकणच्या विकासावर लेख आलाय. सार एवढंच, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे आपली जांभ्या दगडाची सपाट पठारं, हा नुसता कातळ, तिथे कुसळही उगवत नाही, कुणाच्या उपयोगाचे नाहीत, तेव्हा येईल तो प्रकल्प तिथे टाका आणि गाववाल्यांनी कुरकुर थांबवावी. बुधवारी त्यावर वाचकांची दोन पत्रं छापून आली. दोन्ही शहरातली, दोन्ही ‘अगदी मनातलं बोललात’ छापाची. त्यातल्या एकाने कोकणी माणूस आळशी असल्याचंही जाहीर केलं. (ही पदवी आपल्याला अधूनमधून मिळतच असते, वेगळा सत्कार नको.)

माझं मत: उत्तर द्यावं, त्याच पेपरात, दीडशे शब्दांत, आणि फक्त ‘कुसळही उगवत नाही’ या एका विधानाला. आळशीपणाला हात लावायचा नाही, तो वाद कधी संपत नाही. हे विधान मात्र कुणालाही पावसात सड्यावर जाऊन तपासता येतं. गुडघे टेकून बघितलं तर डबक्याच्या कडेला सीतेची आसवं दिसतात. बोटाएवढी काडी, वर निळं-जांभळं फूल, आणि खाली चिखलात बारीक फुगे. त्या फुग्यांत ती सूक्ष्म जीव पकडते, कारण इथल्या वितभर मातीत नत्र जवळजवळ नसतंच. जमीन नापीक आहे म्हणूनच ही वनस्पती इथे टिकून आहे. लेखकाला नेमकं हेच उलटं वाटलं.

खाडीपलीकडची:
उत्तर देऊ नका. असले लेख चिडवण्यासाठीच छापतात. तुम्ही पत्र पाठवणार, ते मधला मुद्दा कापून ‘कोकणवासीयांचा पुन्हा विरोध’ अशा मथळ्याखाली छापणार. माझ्या पत्राचं हेच झालंय. मी रस्त्याच्या उताराबद्दल लिहिलं होतं, छापून आलं ते रस्ताच नको म्हणून. शेजारी आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हते.

कलमवाला:
कातळवाट, फुलांचं राहू द्या हो. माझ्या सातबाऱ्यावर सड्याचा बराचसा भाग पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असा लागलाय. आजोबांनी त्या कातळात सुरुंग लावून खड्डे मारले, घरच्या बायकांनी खालून टोपल्यांनी माती वर आणून ते भरले आणि मग हापूसची कलमं लागली. त्यामुळे लेखक चुकलाय यात वाद नाही. पण तुम्ही फुलांनी सुरुवात केलीत की पुण्या-मुंबईचा वाचक म्हणणार, ‘बरोबर, यांना फुलं जपायचीत, पोरं गेली मुंबईला.’ आंबा लिहा. आणि खरं सांगू? लेखातली चीड मला थोडी पटते. कलम धरायला पाच-सात वर्षं जातात, मोहोराच्या वेळी पाऊस आला की वर्ष गेलं. उद्या कोणी सड्याला भाव दिला तर आमच्या वाडीतले निम्मे तरी विकायला तयार होतील.

कातळवाट:
विकावं की नाही हा तुमचा हक्क, त्यावर मी बोलत नाही. पण जमीन ‘बिनकामाची’ ठरली की भाव कोण पाडणार, हेही बघा. हा लेख तुमच्याही खिशाला लागतो.

जुनी उपसंपादक:
जिल्हा पानावर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सांगते. पत्र त्याच आठवड्यात पोचलं पाहिजे. लेखाचं नाव आणि तारीख पहिल्या ओळीत, मुद्दा दुसऱ्या ओळीत, खाली पूर्ण नाव-गाव. ‘आपल्या लोकप्रिय दैनिकात’ हे पहिलं खोडलं जातं. मत आणि माहिती वेगळी करा. ‘प्रकल्प यावा’ हे मत आहे, ते चुकीचं म्हणून सुधारणा मागता येत नाही. ‘काही उगवत नाही’ ही माहिती आहे आणि ती चूक आहे, तिची दुरुस्ती मागा. कुणी प्रेस कौन्सिलचं नाव काढण्याआधी सांगते: तिथे जायचं तरी आधी संपादकांना लिहावं लागतं, दैनिकाविरुद्धची तक्रार दोन महिन्यांच्या आत करावी लागते, आणि शेवटी परिषद ताशेरे ओढते, दंड करत नाही. या लेखासाठी एवढा खटाटोप नको.

सातबारावाचक:
सगळे चुकीच्या दारात उभे आहात. लेखकाने मनाने काही लिहिलेलं नाही. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशात ‘ओसाड खडकाळ’ असा वर्गच आहे. सातबारा काय म्हणतो ते कलमवाल्यांनी सांगितलंच. सरकारच तसं लिहितं, पेपरवाला तेच वाचतो. त्यापेक्षा ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही काढा. २००२ च्या कायद्याने ती असायला हवी. तुमच्या सड्याचं एक पान तरी आहे का त्यात? पत्र चार दिवसांत रद्दीत जातं. नोंदवहीतलं पान उद्या सुनावणीत दाखवता येतं.

खाडीपलीकडची:
हे पटलं. पत्रापेक्षा हे करा.

जुनी उपसंपादक:
दोन्ही करा ना. नोंदवही पेपर वाचणाऱ्यापर्यंत कधी पोचणार? आज सही करणारा अधिकारी सकाळी चहाबरोबर तोच लेख वाचतो.

घाटावरून:
सड्यावर कोरलेली प्राचीन कातळशिल्पं विसरलात का? २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत. कशेळीचा हत्ती, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी. हे एक वाक्य टाकलं की पुढे बोलायलाच नको.

सातबारावाचक:
टाकलंत की उत्तर तयार: ‘शिल्पांना कुंपण घालू, बाकीचा सडा द्या.’

मालवणी गजाली:
तुमी हंय शब्द मोजीत बसा. थंय जेसीबी इलो सुदां.

कातळवाट:
ठीक. मसुदा असा:

‘सड्यावर कुसळही उगवत नाही हे विधान चुकीचे आहे. सड्याच्या पातळ मातीत आमची नाचणी-वरी होत आली आहे. कातळ फोडून लावलेल्या कलमांचा हापूस शहरात विकला जातो. पावसाळ्यात इथे वाढणाऱ्या काही वनस्पती कोकण-गोव्याच्या कातळपट्ट्याबाहेर सहसा सापडत नाहीत. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पावसाचे पाणी खालच्या वाडीतल्या झऱ्यांना आणि विहिरींना येते. कृपया दुरुस्ती छापावी.’

शिल्पं वगळली. प्रकल्पाला हो किंवा नाही, काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे कलमवाल्यांनाही सही करता येईल.

खाडीपलीकडची:
‘सहसा’ कशाला? गुळमुळीत वाटतं.

जुनी उपसंपादक:
राहू द्या. ते काढलंत आणि कुणी एक रोप बेळगावात दाखवलं, की पुढच्या बुधवारी तेच छापून येईल.

कलमवाला:
पाण्याचं वाक्य शेवटी टाकलंत. कापायला बसले की शेवटचंच जातं. आमच्या वरच्या अंगाला चिरेखाण झाली तेव्हापासून खालची विहीर एप्रिललाच तळ दाखवते, मग टँकरची वाट बघा. विहीर पहिल्या ओळीत घ्या, आंबा नंतर. नाहीतर माझी सही नको.