शाळेतल्या तपासणीची 'वजन जास्त' चिठ्ठी: उपयोग किती, उपद्रव किती?

धरमपेठी
शाळेतल्या आरोग्य तपासणीत बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढतात आणि पोराच्या हाती घरी चिठ्ठी देतात, 'वजन जास्त, लक्ष द्यावे'. माझ्या मते ही चिठ्ठी बिनकामाची. सिमंड्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बरेच दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून तपासले. लठ्ठ प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के लोक लहानपणी लठ्ठ नव्हतेच. मग आठ वर्षांच्या पोट्ट्याला वर्गासमोर 'जाड्या' ठरवून साधलं काय?

मानेवाडा चौक
भाऊ, त्याच अभ्यासातलं पुढचं का गाळलं? लठ्ठ मुलं मोठेपणी लठ्ठ असण्याची शक्यता इतरांच्या पाचपट. किशोरवयात लठ्ठ असलेल्यांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास मोठेपणीही लठ्ठच. तुमचा आकडा मोठ्यांचं बालपण तपासतो, हा मुलांचं पुढे काय झालं ते सांगतो. दोन्ही खरे. 'उंची वाढली की उतरेल' हे पाचव्या वर्षी एक वेळ ऐकून घेऊ, तेराव्या वर्षी नाही.

तर्री-पोहे
तुम्ही दोघंही लठ्ठपणाच मोजताय. आपल्याकडं खरी चिंता शुगरची. दिल्लीत जन्मापासून मोठेपणापर्यंत ज्यांची मापं घेत गेले, अशा लोकांचा अभ्यास २००४ मध्ये आला. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडलेली निघाली, ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते. पुढे त्यांचा बीएमआय लवकर आणि भराभर चढत गेला, पण बाराव्या वर्षी त्यांच्यातला एकही लठ्ठ नव्हता! म्हणजे शाळेच्या चिठ्ठीत त्यांचं नावच आलं नसतं. पुण्यात डॉ. याज्ञिकांच्या गटानंही दाखवलं, की आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं, तरी आपल्या बाळाच्या अंगावरची चरबी त्या मानानं फारशी कमी नसते.

म्हणून एका दिवसाचं वजन नको, चढ बघा. बीएमआय पहिल्या वर्षात वाढतो, मग पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढू लागतो. हा चढ चौथ्या वर्षीच सुरू झाला तर सावध व्हायचं, पोरगं दिसायला सडपातळ असलं तरी.

धरमपेठी
माझंच म्हणणं झालं हे. शिवाय मापं घेतात कशी? १२८ सेंमी उंची, २७ किलो वजन, म्हणजे बीएमआय १६.५. पट्टी दोन सेंमी वर चिकटवली असेल तर उंची १२६ भरते आणि बीएमआय १७. त्यात बूट घातलेले असले की चूक उलटीकडे.

मानेवाडा चौक
मग मापं नीट घ्या ना. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर. दर सहा महिन्यांनी आकडा भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर मांडा, त्यात प्रौढांच्या बीएमआय २३ (वजन जास्त) आणि २७ (लठ्ठ) ला समतुल्य रेषा आहेत. रेषा ओलांडली की डॉक्टर. कंबरही मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली किंवा मान मागून काळपट, जाडसर दिसली, तर बीएमआय ठीक असला तरी तपासणी करा. ती मान घासून गोरी होत नाही, तो मळ नव्हे.

आणि २०११ चा युओनाला यांचा अभ्यास बघा. लहानपणी जाड असून मोठेपणी लठ्ठ न राहिलेल्यांचा मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांच्या जवळपास आला. वेळेत कळण्याला किंमत आहे ती यासाठी.

धरमपेठी
कळलं की घरी पहिलं काय होतं? भात बंद, डब्यात काकडी.

तर्री-पोहे
ते चूकच. वाढत्या मुलाचं वजन बहुतेक वेळा उतरवायचं नसतं, थोपवायचं असतं. १४० सेंमी आणि ४२ किलो म्हणजे २१.४. वर्षभरात उंची १४६ झाली आणि वजन तेवढंच राहिलं, तर १९.७. त्यासाठी भात नाही, बाटलीतलं पेय बंद करा, २५० मिलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते. आपल्याकडं मे महिन्यात ४५ अंशांत पोरं घरातच मोबाइल घेऊन बसतात. तेव्हा खेळ सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, आणि संध्याकाळची ट्यूशन एक तास पुढं.

मानेवाडा चौक
चिठ्ठी मात्र राहू द्या. पोराच्या हाती नको, पालकसभेत बंद पाकिटात द्या, आणि मागच्या दोन वर्षांची उंची-वजनं शेजारी छापा.