अनुभव धागा: बरीच वर्षं उभी असलेली जुनी गाडी चालू झाली, पण मिसिंग मारतेय (सिलिंडर मधेमधे पेटत नाही)

वाईला आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये बाबांची १९८७ ची पद्मिनी आहे. २०१२ ला उभी केली ती केलीच. या दिवाळीत मला आणि भावाला हुक्की आली, नवी बॅटरी आणली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं (वास थेट रंगाच्या दुकानातला), पाच लिटर ताजं भरलं आणि चक्क चौथ्या सेल्फला चालू झाली. आई ओट्यावरून बघत होती, म्हणाली चालू झाली का भांडायला लागली? आवाजच तसा होता. अख्खं इंजिन गदागदा हलतंय, स्लोवर (रेस न देता) सोडली की दहा सेकंदात बंद, चोक अर्धा ओढून धरला की जरा माणसात येते, आणि पंधरावीस मिनिटांनी गरम झाली की वेगळंच नाटक, सायलेन्सरमधून फाट फाट बार काढते. गॅरेजवाला बोनेट न उघडताच म्हणाला कार्बोरेटर गेला, नवीन टाका. आम्ही आधी प्लग आणि पॉइंट-कंडेन्सरचा (प्लगला करंट सोडणारे पार्ट) नवा सेट टाकून बघितला, मिसिंग होतं तसंच, उलट बार काढणं त्यानंतरच सुरू झालंय की काय असं भाऊ म्हणतो.

तर ज्यांनी ज्यांनी अशी झोपलेली गाडी उठवलीय त्यांनी लिहा. फिएट, अँबी, हेराल्ड, जीप, काहीही. काय झालं होतं आणि कसं सापडलं. चुकलेले अंदाज पण लिहा, लाजू नका, आम्ही ऑलरेडी प्लगचे पैसे घातलेत.

*

आमची १९७८ ची अँबॅसडर, नागपूर, नऊ वर्षं अंगणात ताडपत्रीखाली. चालू केली तर चारपैकी दोनच सिलिंडर काम करत होते, मी दोन रविवार कार्बोरेटर खोलून खोलून जेट फुंकत बसलो, बायको म्हणे आता त्याची पूजाच मांडा. शेवटी शेजारचे काका आले, रिटायर्ड माणूस, एसटीच्या वर्कशॉपात होते. त्यांनी कार्बोरेटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गाडी चालू ठेवून रबरी हातमोजा घालून एकेक प्लगची वायर काढली आणि लावली. एक नंबर काढली, इंजिनाचा आवाज पडला. चार काढली, पडला. दोन आणि तीन काढल्या तर इंजिनाला पत्ताच नाही! मग वायरी बोटाने माग घेत डेल्कोपर्यंत (प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) गेले आणि हसायलाच लागले. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, आणि मी प्लग बदलताना दोन आणि तीनच्या वायरी अदलाबदल करून लावल्या होत्या. म्हणजे ओरिजिनल फॉल्ट काय होता ते आजतागायत माहीत नाही, कारण वायरी नीट लावल्यावर गाडी मस्त चालली. बहुतेक प्लगच खराब होते. एअर क्लीनरमध्ये उंदराचं घरटं मात्र निघालं, आत भुईमुगाची टरफलं आणि माझ्या मुलीच्या पाचवीच्या वहीची पानं.

*

वरच्या दादांना +१, वायरी काढायच्या आधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर टाका.

*

भायखळ्याला तीस वर्षं फिएटच्या टॅक्स्या केल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा पेपरात फोटो बघून दुकान आठवलं. असो, कामाचं बोलू.

चोक ओढला की सुधारते असं तुम्ही लिहिलंय ना, तिथेच निम्मं उत्तर आहे. चोक म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. म्हणजे तुमचं इंजिन उपाशी आहे. एकतर पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठून तरी फुकटची हवा घेतंय. पहिला खुलासा असा करायचा. सलाइनची रिकामी बाटली आणि नळी आणा, ताजं पेट्रोल भरा, बोनेटला उंच टांगा आणि नळी सरळ कार्बोरेटरला लावा. टाकी, पाइप, पंप सगळं बाहेर. त्याच्यावर गाडी मक्खन चालली तर भानगड मागे आहे, टाकीत गंज, नाहीतर पंपाचा पडदा ताठ झालेला, नाहीतर जुना रबरी पाइप आतून फुगून बंद झालेला, बाहेरून अगदी ठीक दिसतो. सलाइनवर पण तशीच हलली तर मागे बघायची गरज नाही. बाटली एक्झॉस्टपासून लांब, आणि शेजारी ओलं पोतं नाहीतर वाळूची बादली ठेवा, मी एका पोराच्या भुवया जाताना बघितल्यात.

मग हवा. कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग बारा वर्षांत वाळून पापड होतं. इंजिन स्लोवर धरा, जोडावर बोटाने ग्रीस थापत जा. जिथे थापल्यावर आवाज बदलेल तिथे एअर मारतेय. थ्रॉटलचा दांडा ज्या भोकात फिरतो तिथेही बघा, टॅक्सीत ते भोक हमखास लंबगोल झालेलं असायचं, घरच्या गाडीत कमी. आणि स्लोचा जेट काढून उजेडात धरा, भोक गोल दिसलं पाहिजे. तार घालू नका, भोक मोठं होतं, तांब्याचा बारीक केस चालेल, नाहीतर नुसतं पेट्रोलमध्ये बुडवून हवा मारा.

गरम झाल्यावरचे बार हा वेगळा आजार आहे. एका गाडीत दोन आजार असतात आणि माणूस एकच शोधत बसतो.

*

मी पुण्याची, वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड, त्यांच्यानंतर मीच बघते. माझा अनुभव म्हणजे चालू करायची घाई करू नका, पण तुमची तर झाली चालू, आता काय. आमची अकरा वर्षं उभी होती, भाचा आला आणि मी चहा ठेवेपर्यंत सेल्फ मारून मोकळा. चालू झाली, कार्बोरेटरमधून उलटा फुत्कार, फुस्स फुस्स, लयीत, प्रत्येक चौथ्या ठोक्याला. सगळे म्हणाले टायमिंग. टायमिंग बरोबर होतं. मग मी कॉम्प्रेशन गेज उधार आणून प्रत्येक सिलिंडरचा दाब घेतला, १२५, १२०, शून्य, १२५. शून्य बघून पोटात गोळा आला, वाटलं पिस्टन गेला. चमचाभर तेल प्लगच्या भोकातून टाकून पुन्हा घेतलं तरी शून्य. पिस्टनच्या रिंग गेल्या असत्या तर तेलाने थोडं तरी वाढलं असतं, म्हणजे व्हॉल्व्हच. वरचं झाकण उघडलं, तर तीन नंबरचा एक व्हॉल्व्ह खालीच अडकून बसलेला आणि त्याला उघडणारी पुशरॉड धनुष्यासारखी वाकून रॉकरमधून निसटलेली.

हेड उतरवायला नको होतं मला. डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून व्हॉल्व्हच्या दांड्यावर सिरिंजने सोडत राहिले, रोज सकाळ-संध्याकाळ, आणि लाकडी दांडक्याने अगदी अलगद टकटक. चौथ्या दिवशी भाजी निवडताना मलाच आठवलं म्हणून जाऊन टकटक केलं आणि स्प्रिंगने खट्टकन वर घेतला. तो आवाज अजून कानात आहे. पुशरॉड नवी नाही मिळाली, दुसऱ्या हेराल्डवाल्यांनी त्यांच्या भंगारातली दिली.

हे आधी केलं असतं, म्हणजे प्लग काढून तेल सोडून दोन दिवस ठेवून मग पान्याने इंजिन हाताने फिरवलं असतं, तर रॉड वाकलीच नसती. भाच्याला अजून ऐकवते.

*

गोंय. बीटल, पोर्तुगीज काळात आलेली. चालू व्हायची, दहा सेकंदात गुदमरायची, रेसच घेत नव्हती. करंट ठीक, पेट्रोल ठीक, कॉम्प्रेशन ठीक. सायलेन्सरच्या दोन्ही नळ्यांत कुंभारीण माशीने मातीची घरं बांधलेली. काडीने फोडली. खर्च शून्य, मनस्ताप तीन आठवडे.

पावसाळ्यात मिसिंग मारत असेल तर रात्री अंधारात बोनेट उघडून बघा. डेल्कोच्या टोपीवरून, वायरींवरून निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. टोपीच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर करंट तिथून पळतोय. पुसून जात नाही, टोपीच बदला.

*

लेस्टरहून. माझी एमजीबी, १८०० सीसी, इंजिन आपल्या अँबीच्याच खानदानातलं, म्हणून घेतली खरं तर. सहा वर्षं बंद गॅरेजात होती. माझी पण गरम झाल्यावर बार काढायची. इथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, नवीन काय काय टाकलंस? मी अभिमानाने यादी सांगितली. तो म्हणाला ते सगळं काढ आणि जुनं लाव. हल्ली मिळणारे कंडेन्सर आणि रोटर बरेचदा बॉक्समधूनच खराब येतात. नवा कंडेन्सर थंड असताना ठीक, गरम झाला की झोपला. पद्मिनीवाल्या दादा, तुमचे बार नव्या सेटनंतरच सुरू झालेत ना? मग तुमचा भाऊ बरोबर असू शकतो (भावाला सांगू नका).

आणि पेट्रोल साठवू नका. आता तुमच्याकडे २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर खातं. बारक्या चक्करीपुरतं भरा, उभी करताना कार्बोरेटरची वाटी रिकामी करा.

*

पद्मिनीवाला परत हजर. सगळ्यांचे आभार, सविस्तर सांगतो.

सलाइन मेडिकलवाल्याने हसत हसत दिलं. सलाइनवर गाडी तशीच हलली, म्हणजे टाकी-पंप सुटले (पाइप तरीही बदलले, दोन ठिकाणी दाबल्यावर भुगा झाला). मग ग्रीस. कार्बोरेटरच्या खाली मागच्या बाजूला बोट फिरवलं आणि इंजिनाने एकदम सुस्कारा सोडल्यासारखं केलं, स्लो वर चढला. भाऊ आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. पॅकिंग खरंच पापड झालं होतं, काढताना तुकडे हातात आले. जाड पॅकिंगच्या कागदातून नवं कापलं. स्लोवर आता चहाचा कप ठेवला तर फक्त साय हलते.

बार मात्र चालूच. रात्री प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवून करंट बघितला, थंड असताना निळा टणटणीत, वीस मिनिटांनी पिवळसर मरतुकडा. पॉइंट उघडले तर आठच दिवसांत तोंडं जळून काळीनिळी. बाबांना जुना पार्ट फेकायची सवयच नव्हती, शेडमध्ये लिमलेटच्या गोळ्यांचा डबा सापडला, त्यात काढलेले कंडेन्सर, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. एकावर बाबांच्या अक्षरात ‘चालू आहे, उगाच बदलला, ऑगस्ट ०९’. तोच लावला, पॉइंट घासून गॅप फिलर गेजने ०.४५ मिमी ठेवली. पाचवडपर्यंत जाऊन आलो, एकही बार नाही.

गॅरेजवाल्याकडून मागवलेला कार्बोरेटर आता परत घेईना, तो कुणाला हवा असेल तर सांगा, पेटीबंद आहे. येताना ब्रेक दोनदा पंप मारल्यावर लागला, मास्टर सिलिंडर गळतोय, त्याचा धागा वेगळा काढतो.