मदत हवी आहे: वन्यजीव विषयात एमएस्सी करायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारात राहतो. मुलगी झूलॉजी घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विश्वामित्री नदीच्या पुलावरून मगरी बघत ती वाढली. भर शहरात मगर आणि माणूस शेजारी कसे राहतात, हेच तिला शिकायचंय. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर (२०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे) पहाटे जाऊन पट्टकादंब पक्षी मोजते, वहीत तारीखवार लिहून ठेवते. त्या वह्या चाळताना मला फार भरून येतं.

तिच्या मनात दोन ठिकाणं आहेत: डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (जीवविज्ञानाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र). दोन्हीकडे जागा मोजक्याच. प्रवेश परीक्षेसाठी संख्याशास्त्र कुठून पक्कं करावं? तिच्या त्या नोंदी मुलाखतीत दाखवाव्यात का? आणि एक वर्ष थांबावं लागलं तर एखाद्या प्रकल्पावर क्षेत्रसहाय्यक म्हणून जावं, की इथेच एमएस्सीला प्रवेश घ्यावा? मला स्वतःला प्रकल्पाचा पर्याय बरा वाटतो. हे मात्र म्हणतात, यूपीएससीतून वनसेवेची परीक्षा दे. तिला संशोधनच करायचंय.

कुणाची मुलं या वाटेने गेली असतील, तर कृपया सविस्तर सांगा. मुलींची फील्डवर राहायची सोय कशी असते, तेही.