अनुभव धागा: नवख्याला त्वेर दाखवताना

सप्टेंबर लागला की रशियातल्या त्वेर शहरातून फोटो यायला लागतात. नवी बॅच उतरलेली असते, हातात आईनं दिलेला लाडवांचा डबा आणि पाठीमागे व्होल्गा. मी तिथे सहा वर्षं मेडिकल केलं, २०१७ला परत आलो. नवीन आलेल्याला शहर दाखवायचं काम सिनियरचं. ते कुणी सोपवलेलं नव्हतं. आपल्याला कुणीतरी दाखवलेलं असायचं, म्हणून आपणही दाखवायचो. तुम्ही कुणाला त्वेर दाखवलं असेल, किंवा तुम्हाला कुणी, तर इथे लिहा. सुरुवात कुठून केलीत तेही सांगा.

माझं आधी सांगतो. चौथ्या वर्षाला होतो तेव्हा ओतूरचा एक मुलगा आला. तीन दिवस खोलीबाहेर पडला नाही. जेवायला हाक मारली तर "भूक नाही दादा" एवढंच. रविवारी त्याला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. सोवेत्स्काया रस्त्यानं कॉलेजवरून नदीकडे, जुन्या लोखंडी पुलावरून पलीकडे आणि थेट अफनासी निकितिनच्या पुतळ्यापाशी. निकितिन म्हणजे पंधराव्या शतकात भारतात आलेला इथलाच व्यापारी; पुतळा १९५५चा आहे. दाढीवाला व्यापारी उभा, आणि होडीचं पुढचं टोक घोड्याच्या डोक्यासारखं.

मी सांगायला लागलो. हा इथून निघाला तेव्हा त्वेर मॉस्कोच्या ताब्यात गेलेलं नव्हतं. व्होल्गेनं खाली खाली कास्पियनपर्यंत गेला, वाटेत लुटला गेला, मग इराण, मग होर्मुझ. तिथून एक घोडा घेऊन गलबतानं चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला त्याच्या पाव शतक आधी. चौलहून पाली, मग जुन्नर.

"जुन्नर?" तीन दिवसांत पोरगा पहिल्यांदा स्वतःहून बोलला. ओतूर जुन्नर तालुक्यातलंच.

जुन्नरच. पावसाळ्यात तो तिथेच राहिला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं लिहून ठेवलंय त्यानं. याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात. घोड्यांना हरभरा चारतात, साखर घालून खिचडी शिजवून घालतात. आणि त्या गावाचं वर्णन असं: खडकावर वसलेलं, माणसानं बांधलेलं नाही, देवानंच घडवलेलं, वर जायची वाट इतकी अरुंद की दोघांना बरोबरीनं जाता येत नाही.

"दादा, हा शिवनेरी सांगतोय," तो म्हणाला.

मग घोड्याचं काय झालं हे त्यालाच ऐकायचं होतं. जुन्नरच्या असदखानानं घोडा काढून घेतला, धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. चार दिवसांची मुदत दिली. एका खुरासानी माणसानं रदबदली केली आणि घोडाही वाचला, धर्मही. परतीच्या वाटेवर निकितिन स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला, त्वेर त्याला पुन्हा दिसलं नाही. हे मात्र मी त्या दिवशी सांगितलं नाही. संध्याकाळी पोरगा मेसमध्ये दोनदा भात मागून जेवला.

— लातूरची, आता सोलापुरात डॉक्टर:

मला शहर दाखवलं ते देझुर्नाया आजींनी. देझुर्नाया म्हणजे राखणदार; होस्टेलच्या दारावर बसायच्या, मला "दोच्का", म्हणजे लेक, म्हणायच्या. सिनियर मुलींनी त्र्योखस्व्यात्स्काया रस्ता दाखवला होता, दुकानं, कॅफे, गाड्यांना बंदी, फोटोंना छान. आजी म्हणाल्या, ते कुणीही दाखवेल. आणि १६ डिसेंबरला मला सोबत घेऊन निघाल्या. त्माका नदी व्होल्गेला मिळते तिथे विजयस्तंभ आहे. १९४१च्या ऑक्टोबरात जर्मन फौजा शहरात शिरल्या आणि दोन महिन्यांनी, १६ डिसेंबरला, लाल सैन्यानं शहर सोडवलं. तेव्हा नाव कालिनिन होतं; १९९०पर्यंत तेच होतं, आणि आजींच्या तोंडी अजूनही तेच.

वाटेत मी कार्नेशनची तीन फुलं विकत घेतली. आजींनी बर्फात थांबून एक काढून घेतलं आणि माझ्या कोटाच्या बटणात खोचलं. गेलेल्यांना फुलं जोडीनं वाहायची, विषम आकडा जिवंत माणसाचा. दोन फुलं आम्ही पायथ्याशी ठेवली. त्यांची आई त्या दोन महिन्यांत याच शहरात होती, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही. तेवढं रशियनही येत नव्हतं मला. पण पुढच्या पाचही वर्षी मी त्या दिवशी दोन फुलं घेऊन गेले, आणि ज्युनियर मुलींना घेऊन गेले.

— एका विद्यार्थिनीची आई, नाशिक:

शहर नंतर दाखवा, आधी स्टेशनवर जा, अशी माझी विनंती. एजंटनं माणूस पाठवतो म्हणून सांगितलं होतं. रात्री अकराला माझी मुलगी दोन बॅगा घेऊन फलाटावर उभी आणि कुणीच नाही. दुसऱ्या कुणाला न्यायला आलेल्या दोन मराठी मुलांनी तिला ओळखलं, कसं तर तिच्या पिशवीवर नाशिकच्या साडीच्या दुकानाचं नाव होतं. त्या मुलांची नावंही मला माहीत नाहीत. देव त्यांचं भलं करो.

— पुण्याचा आर्किटेक्ट, त्वेरला भावाकडे गेलो होतो:

सगळे पुलापासून सुरू करतात, माझ्या मते नकाशापासून करावं. १७६३च्या आगीत मधलं शहर जळालं आणि रशियाची सम्राज्ञी कॅथरीननं ते नव्यानं आखून घेतलं. एका चौकातून तीन रस्ते त्रिशूळासारखे फुटतात. तिचा मुक्कामाचा राजवाडा नदीकाठी आहे, आत चित्रसंग्रहालय. शेजारचं मोठं चर्च १९३५मध्ये स्फोटानं पाडलं होतं. मी गेलो तेव्हा त्याच जागी पुन्हा उभं राहत होतं. आगीच्या आधीचं त्वेर बघायचं असेल तर त्माकापलीकडे १५६४चं पांढरं ट्रिनिटी चर्च गाठा. शहरातली ती सगळ्यात जुनी दगडी इमारत, आणि तिथे कुणी नेत नाही.

— धागाकर्ता:

राजवाड्यावरून आठवलं. इतिहासकार करमझिननं १८११मध्ये याच राजवाड्यात झार अलेक्झांडरला आपल्या ग्रंथातली पानं वाचून दाखवली. आणि निकितिनचं हस्तलिखित मठाच्या ग्रंथालयातून उजेडात आणलं तेही याच करमझिननं. त्याच्यामुळे आपल्याला ती खिचडी माहीत झाली.

— रेवदंडा:

मी त्वेर पाहिलेलं नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे, चौलला लागूनच, शाळेच्या आवारात निकितिनचा स्मृतिस्तंभ आहे. एकदा काही रशियन पर्यटक तो शोधत आले, मीच दाखवला. मग त्यांना खाडीवर नेलं, आगरकोटाच्या भिंती दाखवल्या. निकितिननं लिहिलंय म्हणे, की चौलला गोऱ्या माणसाचं नवल वाटून लोक त्याच्या मागे मागे फिरायचे. त्या दिवशी आमच्या मागेही पंधरा-वीस पोरं होती.

— ओतूर:

दादा, तो मुलगा मीच. स्मोलेन्स्कचं मला दुसऱ्या वर्षी कळलं आणि तुम्ही का गाळलंत तेही कळलं. मी पाच बॅच पुतळ्यापाशी नेल्या, आणि तेवढं वाक्य मीही गाळलं. घरी परत आलो त्याच आठवड्यात शिवनेरी चढलो. पाऊस होता, खाली सगळा चिखल. वरून एक फोटो काढला आणि होस्टेलच्या ग्रुपवर टाकला.