जुळे सोलापुरातलं कपाट आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही"

नमस्कार मंडळी,

आई-बाबा जुळे सोलापुरात असतात. दिवाळीच्या आधी त्यांना तीन दारांचं कपाट घेतलं. दुकान सोलापुरातलंच, जुनं, बाबांच्या ओळखीचं. पैसे मी इथून, इंग्लंडातून भरले, बिल बाबांच्या नावावर आहे आणि त्यावर "प्लायवुड" असं स्पष्ट लिहिलंय. गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला, म्हणजे जानेवारीत, मधलं दार लोंबायला लागलं. आता वरच्या बिजागरीचे स्क्रू बाहेर आलेत आणि भोकातून भुसा गळतोय. दुकानाचा माणूस येऊन जाड स्क्रू मारून गेला, तेही निघाले. आता दुकानदार म्हणतो, "फरशी पुसताना पाणी लागलं असणार." बिलाच्या तळाला छापलंय, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. बाबा म्हणतात, "जाऊ दे की, रोज तोंड बघायचंय त्यांचं." आई त्या दाराजवळ जायला घाबरते.

इथे इंग्लंडात २०१५ च्या कायद्याप्रमाणे सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. तिकडे असं काही आहे का? इतक्या लांबून मी काय करू?

— शि.


शि., तुझी मेल वाचून राहवलं नाही. मी इंग्लंड सोडून सोलापुरात होटगी रोडला राहायला आलो तरी आपल्या या मेलिंग लिस्टवर आहेच.

बाबांना आजच फोन करून सांग, त्या छापील ओळीला काही किंमत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्याचं कलम २(४७) बघ. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलातल्या मुदतीत नकार देणं, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत नकार देणं, ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून दिली आहे. तुमचे ३० दिवस उलटलेत, पण म्हणून हक्क गेला असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

खरा जोर मात्र "प्लायवुड" या शब्दात आहे. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे एकावर एक चिकटवलेले. त्यात स्क्रू घट्ट धरतो. भुसा गळतोय म्हणजे ते बहुधा पार्टिकल बोर्ड आहे, लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेलं. त्यात एकदा भोक मोठं झालं की जाड स्क्रूही फार दिवस टिकत नाही, आणि मोठ्या दाराचा बराच ताण त्याच भोकावर येतो. बाबांना बिजागरीच्या भोकात टॉर्च मारून बघायला सांग. थर दिसले तर प्लाय, चुरा दिसला तर पार्टिकल बोर्ड. फोटो जवळून काढा. चुरा निघाला तर हा दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही, एक माल लिहून दुसरा दिला असा अर्थ होतो.

पाण्याचंही तसंच. फरशीचं पाणी लागलं तर बोर्ड खालून फुगतो. वरची बिजागरी निघाली आणि तळ कोरडा, सपाट असेल, तर तळाचाही फोटो काढून ठेवा. आणि आता दुकानाच्या माणसाला पुन्हा हात लावू देऊ नका. आला तर काय केलं ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.

मग बाबांच्या सहीने मराठीत साधं पत्र: बिल क्रमांक, तारीख, दोष, आणि मागणी एकच, कपाट नेऊन पैसे परत द्या. उत्तराला पंधरा दिवस द्या. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. तोंडी बोलण्यात महिने जातात, आणि काय बोललं याचा काही पुरावा राहत नाही.

— द. काका


काकांनी लिहिलंय ते बरोबर आहे. मी सोलापुरात काही वर्षं वकिली केली, म्हणून थोडी भर.

पैसे शि.ने भरले, कपाट आई-बाबा वापरतात. यात अडचण नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. पत्राला उत्तर आलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. बरीच दुकानं तिथूनच वळणावर येतात. नाहीच तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवर करता येते, आणि अर्ज केला तर व्हिडिओवरून सुनावणीचीही तरतूद आहे. बोर्डाच्या तपासणीवर वाद झाला तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने अशी मुदत दिली आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे आईबाबांना आधीच सांगून ठेव.

बाबांचा संकोच मला कळतो. आपल्याकडे ओळखीच्या दुकानदाराला पत्र धाडणं म्हणजे भांडण काढणं असं वाटतं. पण पैसे परत मागणं हा त्यांचा अपमान नाही. आपल्या गिऱ्हाइकाच्या घरात काय चाललंय हे त्यांनाही समजलं पाहिजे. पत्राची भाषा आदराची ठेवा, "आपल्याकडून पूर्वी चांगलाच माल मिळाला आहे" हे खरं असेल तर तेही लिहा.

— मी.


काका, मीताई, मनापासून आभार. बाबांनी टॉर्च मारून पाहिलं, चुराच आहे. तळ अगदी कोरडा. पत्र ते स्वतःच्या हाताने लिहितायत. एकच शंका: डिलिव्हरी चलनावर त्यांची "माल सुस्थितीत मिळाला" अशी सही आहे. ती आड येईल का?

— शि.


ती सही बाहेरून काही फुटलेलं-चेपलेलं नव्हतं एवढंच सांगते. दाराच्या आत काय भरलंय ते डिलिव्हरीच्या वेळी दिसणारच नव्हतं, आणि पत्रात हेच वाक्य घाला. चलनाची एक प्रत जोडा, लपवू नका. पोस्टात टाकायला मी बाबांबरोबर येतो. उद्या सकाळी अकराला चालेल का, तेवढं विचारून सांग.

— द. काका